गळ कुठून घ्यावा?

धडगावच्या आठवडे बाजारात जाळीवाला कुठे बसतो हे कुणाला विचारावं लागत नाही. आमचूर, भगर, वाळलेल्या मिरच्या, प्लॅस्टिकच्या चपला आणि मोबाइलची कव्हरं यांच्या पलीकडे एका ताडपत्रीखाली हिरवट-पांढरी जाळी दोरीवर टांगलेली दिसतात. खाली पोत्यावर शिशाच्या गोळ्यांचे ढीग, तरंगत्या बुचांच्या माळा, तंगुसाची रिळं आणि एका पत्र्याच्या डब्यात नंबरवार पुड्यांतले गळ. गिऱ्हाईक आलं की तो आधी भाव सांगत नाही. आधी विचारतो, पाणी कोणतं? नर्मदेच्या फुगवट्याचं, उदई नदीचं, तापीचं, की गावाजवळच्या पाझर तलावाचं? उत्तर मिळालं की जाळ्याचा एक पदर ओढून तो त्याच्या आसात, म्हणजे भोकात, स्वतःची बोटं घालतो, ताणून दाखवतो, आणि मग कुठे भावाचं बोलणं सुरू होतं.

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. फोनवरून गळ मागवला तर फोनही पत्ता विचारतो, पिनकोड टाकायला लावतो, पण तो माल कुठे पोचवायचा एवढ्यासाठीच. तो गळ कोणत्या पाण्यात पडणार आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

गेल्या काही वर्षांत शहादा, नंदुरबार, नवापूरकडची तरुण मुलं मला सारखं विचारू लागली आहेत, "सर, सामान ऑनलाइन घ्यावं की दुकानातून?" त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं की हिमाचलातल्या तीर्थन नदीत कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभा आहे, हवेत दोरीची लांबलचक वेलांटी काढतो आहे, पिसांची बांधलेली माशी अलगद पाण्यावर उतरते आहे आणि ट्राउट उसळी घेतो आहे. त्यांना तेच आपल्या तापीत, आपल्या यशवंत तलावात करायचं असतं. मलाही तेच वेड आहे, म्हणून या मुलांविषयी मला माया वाटते. त्यांना दोन शब्दांत वाटेला लावणं मला जमत नाही. उत्तर नीट द्यायचं तर आधी हे सामान काय असतं आणि आपलं पाणी काय झालं आहे, या दोन्ही गोष्टी बोलायला हव्यात.

नेहमीच्या गळाला आपण शिसं बांधतो. फेकताना ते शिसं पुढे जातं आणि आपल्यामागे तंगूस ओढत नेतं. या मुलांनी पाहिलेल्या माशीच्या खेळात, म्हणजे फ्लाय-फिशिंगमध्ये, टोकाला असतं ते पिसं, दोरा आणि केस यांचं गळावर बांधलेलं खोटं किडूक. त्याला वजनच नसतं, तेव्हा ते फेकायचं कसं? म्हणून वजन दोरीतच घातलेलं असतं. ही दोरी जाड, गुळगुळीत, वरून प्लॅस्टिकचा थर दिलेली असते. तिला नंबर असतो आणि तो नंबर तिच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून ठरतो. पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट १४० ग्रेन भरतात, सहाचे १६०, सातचे १८५, आठचे २१०. आपल्या जुन्या तोळ्याचे १८० ग्रेन होतात. म्हणजे सात नंबरची दोरी हवेत खेळवणं हे साधारण तोळाभर वजन मनगटाच्या तालावर मागेपुढे फिरवणं आहे. सारी कला त्या तोळ्यात आहे. काठीवरही नंबर असतो आणि दोन्ही नंबर जुळावेच लागतात. काठी आठची आणि दोरी पाचची असली तर काठी वाकतच नाही, हात मात्र दुखून येतो. काठी पाचची आणि दोरी आठची घेतली तर काठी लुळी पडते.

अशी दोरी आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारात मला मिळालेली नाही. जाळीवाल्याकडे नाही, दोरखंडाच्या दुकानात नाही, हार्डवेअरवाल्याकडेही नाही. त्यांनी ती का ठेवावी? वर्षातून एखादं गिऱ्हाईक यायचं, तेही चौकशी करून निघून जायचं. तेव्हा काठी, दोरी आणि रीळ या तीन वस्तूंपुरता वादच नाही. त्या बाहेरूनच येणार. मुंबई-पुण्याला जाणं झालं तर हातात धरून घ्याव्यात, नाहीतर ऑनलाइन मागवाव्यात. ऑनलाइन घेताना काठी चार तुकड्यांची असावी, म्हणजे खोकं आखूड होतं आणि वाटेत मोडत नाही. 'संपूर्ण सेट' म्हणून स्वस्तात जे विकलं जातं त्यात पुष्कळदा काठीवर नंबर असतो आणि दोरीवर काहीच नसतो. तो सेट घेऊ नये. दोरीचा नंबर लिहिलेला नसेल तर ती दोरी घ्यायचीच नाही, मग पुनरावलोकनांत कितीही तारे असोत.

खोकं आलं की त्याच दिवशी उघडावं, कारण परत करण्याची मुदत थोडी असते. तुकडे जोडून काठी भिंतीला टेकवावी, लांबून एका डोळ्याने पाहावं, कड्या एका रेषेत आहेत का. मग कापसाचा एक बारीक बोळा घेऊन प्रत्येक कडीतून आतून फिरवावं. खानदेशात कापूस शोधायला लांब जावं लागत नाही. कडीला आतून जरा जरी टवका गेलेला असला तरी कापसाचा तंतू तिथे अडकून राहतो. डोळ्याला न दिसणारा तो टवका एका हंगामात काही हजारांच्या दोरीची साल काढतो. हे दुकानात करून पाहता आलं असतं तर किती बरं झालं असतं असं प्रत्येक वेळी वाटतं.

माशी मात्र आपल्याकडची. याबद्दल मी आग्रहाने सांगतो, कारण याबाबत मुलांची समजूत अगदी उलटी असते. त्यांना वाटतं की परदेशातून आलेली, डबीत चमकणारी माशीच खरी. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये सामन माशासाठी ज्या नामांकित माश्या एकोणिसाव्या शतकात बांधल्या जात, त्यांतल्या कितीतरी माश्यांच्या दोन्ही बाजूंना एक मेणचट, पिवळसर ठिपक्यांचं पीस डोळ्यासारखं बसवलेलं असे. ते पीस होतं आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. दख्खनच्या, सह्याद्रीच्या, सातपुड्याच्या जंगलात पहाटे आरवणारा हा पक्षी. त्याची कातडी बोटींतून विलायतेला जात. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे आणि ते पीस कुणी फोनवर विकायला काढलं तरी त्याला हात लावू नये. त्याची गरजही नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची तांबूस, ताठ पिसं माशीला उत्तम. ती आपल्याकडे कुठल्याही पाड्यावर मिळतात. कोंबडा कापला की ती उकिरड्यावरच जातात. नवापूर तर कुक्कुटपालनाचंच गाव. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, तो घाव सोसून तो धंदा पुन्हा उभा राहिला. तिथल्या पांढऱ्या कोंबड्यांची मऊ पिसं माशीच्या अंगाला चालतात. दोरा शिंप्याकडचा, चकाकी हवी असेल तर जरीची एखादी तार, आणि गळ त्या ताडपत्रीखालच्या पत्र्याच्या डब्यातला. अशी माशी बांधून अळकूट मासे धरता येतात. संध्याकाळी तापीच्या संथ पाण्यावर अळकूट किडे टिपायला वर येतात तेव्हा तो सगळा पट्टा पाऊस पडू लागल्यासारखा थरथरतो.

डब्यातला गळही काही खानदेशात घडलेला नसतो. गळ बनवणारी नॉर्वेची मुस्ताद कंपनी १८३२ सालची आहे आणि तिचे गळ जगभरच्या बाजारांत कित्येक पिढ्या विकले गेले आहेत. जाळ्याचं नायलॉनही असंच दूरवरून आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत ते निघालं आणि पुढे सुताची, तागाची जाळी मागे पडली. आज नायलॉनची जाळी आपल्याच राज्यात, पुण्याच्या गरवारे कंपनीसारख्या कारखान्यांतही बनतात, आणि आमच्या भागाची उतारपेठ सुरत असल्यामुळे बराच माल तिकडूनही येतो. सुरत-भुसावळ रेल्वेवर नवापूरचं स्टेशन आहे, त्याचा अर्धा फलाट गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. तेव्हा 'स्थानिक दुकान' म्हणजे स्थानिक माल, असं समजण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे माल लांबूनच येतो. फरक निवडीचा आहे. बाजारातल्या दुकानदाराने जगातल्या हजार गळांतून नऊ-दहा नंबरचे गळ उचललेले असतात, कारण तेवढेच इथल्या माशांच्या तोंडात बसतात. ती निवड त्याने पुस्तकात वाचून केलेली नसते. जे विकलं गेलं नाही ते त्याने पुन्हा आणलं नाही, एवढंच. वर्षानुवर्षं हे होत राहिलं की त्याच्या फळीवर आपोआप त्या नदीची नोंद होते.

हे मला शिकवलं प्रकाशा गावच्या एका नानांनी. तापी आणि गोमाईच्या संगमाजवळचं हे गाव. केदारेश्वराचं आणि संगमेश्वराचं, लोक ज्याला दक्षिण काशी म्हणतात ते. इथल्या पांढरीत १९५५ साली पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची वस्ती निघाली. त्या माणसांनी घरासाठी जागा निवडली ती याच पाण्याच्या काठी. नाना जातीने भोई, दुकान जाळ्यांचं आणि दोरखंडांचं. लहानपणी वडिलांबरोबर तापीत फेकजाळं टाकलेला माणूस. त्यांच्या दुकानात एका उंच फळीवर मोठाले, लांब दांड्याचे गळ गंजत पडलेले पाहून मी विचारलं, हे कुणासाठी? ते म्हणाले, "शिवड्यासाठी, वामेसाठी. रातले दोरी बांधी ठेवाची. आते कोन लेस? पाणीच थांबी गय ना, भाऊ."

पाणीच थांबून गेलं. आमच्या जिल्ह्याचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास या एका वाक्यात आहे. खाली गुजरातेत उकाईचं धरण १९७२ साली पुरं झालं, आणि त्याच्या फुगवट्याने नवापूर-नंदुरबारकडची गावंही उठली. तापीवर प्रकाशाला आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले. सारंगखेड्याला, जिथे दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, तिथे आता नदीला बारमाही पाणी असतं, शेतीला त्याचा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही, पण ते उभं पाणी आहे. उत्तरेला नर्मदा चौपन्न किलोमीटर आमच्या जिल्ह्याची सीमा होऊन वाहायची. तिच्या काठच्या मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाचं पाणी घरांत शिरलं. सरदार सरोवराचे दरवाजे २०१७ साली बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरलं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावं त्याने बाधित झाली.

त्याच नर्मदेत महसीर होता. नदीकाठचे लोक त्याला बाडस म्हणतात. नदीच्या मधल्या पट्ट्यात, मध्य प्रदेशात, १९६० च्या दशकातल्या पाहण्यांत मच्छिमारांच्या पकडीचा साधारण पाव हिस्सा एकट्या महसीरचा होता. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी-तांबूस, गळाला लागला की धारेच्या दिशेने असा काही पळतो की दोरीने बोट कापावं. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहून गोऱ्या साहेबांना महसीरचं वेड लावलं. तेव्हाचे साहेबही सामान विलायतेहून मागवत. कॅटलॉग यायचं, त्यावरून ऑर्डर जायची, महिन्यांनी बोटीने खोकं यायचं. आमच्या मुलांचा आजचा प्रश्न त्या काळीही होताच म्हणायचा. त्याच वेळी त्याच नदीवर सातपुड्यातला भिल्ल-पावरा बांबूच्या कामट्यांचे सापळे लावून, तीर मारून, हाताने खडकाखाली चाचपून मासे धरत होता, आणि त्याचं सगळं सामान त्याच्या पाठीमागच्या जंगलात होतं.

महसीरला वाहतं पाणी लागतं. पावसाळ्यात तो धारेविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या, वाळूच्या उथळ तळावर अंडी घालतो. धार थांबली, गोटे गाळाखाली गेले की त्याला घरच राहत नाही. मध्य प्रदेशाने २०११ साली त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. हा मान मिळाला तेव्हा तो मासा नदीतून विरळ झालेला होता. फुगवट्याच्या उभ्या पाण्यात आता कटला, रोहू, मृगळ, तिलापिया. त्यांना धरायला जाळी लागतात, चार बोटांची, सहा बोटांची, रात्रभर पाण्यात उभी राहणारी. म्हणून नानांच्या दुकानात गळ वरच्या फळीवर गेले आणि जाळी खाली आली. म्हणून धडगावच्या बाजारात ताडपत्रीखाली पत्र्याचा डबा लहान आणि जाळ्यांचा ढीग मोठा. ज्याला नदी वाचायची त्याने आधी या फळ्या वाचाव्यात. फोनच्या पडद्यावर सगळ्या जगाच्या नद्यांचं सामान एकाच पानावर असतं. तिथे तापी कधी थांबली, नर्मदा कधी भरली, हे कुठेच उमटत नाही.

माझ्यासारख्याचं ठीक आहे, माझं पोट गळावर नाही. पण बुडालेल्या शेताच्या वर होडी घालून जो आज मासे धरतो त्याचं काय? चिमलखेडी, मणिबेली, डोमखेडी, भूषा या गावांच्या लोकांनी पाण्याखाली जमिनी दिल्या. त्या पाण्यातल्या माशांवर ठेकेदाराचा हक्क नको, आमचा हवा, हे त्यांना भांडून मागावं लागलं आणि त्यातून आदिवासींच्या मच्छिमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या. वर मध्य प्रदेशात बर्गी धरणाच्या विस्थापितांच्या संघाला १९९४ साली असा हक्क मिळाला होता, तो पुढे टिकला नाही. आमच्याकडच्या संस्था टिकाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. या माणसाला जाळं घ्यायचं तर ते आधी डोळ्यांनी पाहावं लागतं, गाठी ओढून पाहाव्या लागतात, आणि पुष्कळदा उधार घ्यावं लागतं. हंगाम लागला की फेडायचं. बाजारातला दुकानदार त्याला ओळखतो, त्याच्या बापाला ओळखत होता, म्हणून देतो. फोनवरच्या दुकानात आगाऊ पैसे नाहीतर दारात रोकड.

दाराचाही प्रश्न आहेच. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. दिल्लीहून पंतप्रधान आले होते. ज्या जिल्ह्यातून देशाच्या डिजिटल ओळखीची सुरुवात झाली त्याच जिल्ह्यात नर्मदाकाठच्या पाड्यांवर आजही मोबाइलला रेंज मिळावी म्हणून माणूस टेकडी चढतो. खोकं आलं तर धडगावला किंवा मोलगीला येतं, तिथून पुढे जीप, मग पायवाट, मग होडी. जाळं फाटलं तर परत पाठवायचं कुठून? ज्या भागात आजारी माणसापर्यंत दवाखाना बोटीने न्यावा लागतो तिथे जाळ्याची परतपाठवणी कोण करणार?

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. फोनवर छत्रीसारखी उघडणारी, अगदी बारीक आसाची, पंधरा-वीस तोंडांची सापळा-जाळी ढिगाने विकली जातात. ती पाण्यात सोडली की बोटाएवढं पिल्लूही सुटत नाही. संस्थेने तलावात सोडलेलं मत्स्यबीज, आपोआप वाढणारे खवल्या-अळकूट, सगळं एका रात्रीत आत. बाजारातही बारीक जाळं मिळतं, हे मला माहीत आहे आणि ते विकणाऱ्यांना मी तोंडावर बोललोही आहे. पण बाजारात निदान बोलता येतं. धडगावच्या जाळीवाल्याला एका पोराला बारीक जाळं नाकारताना मी पाहिलं आहे. "तुझा काका संस्थेत आहे, तोच तुला बोलेल," एवढंच तो म्हणाला आणि दोन बोटं जास्त आसाचं जाळं त्याने पुढे केलं. पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारायला कायद्याने बंदी आहे, पण बारीक जाळ्याला आवर घालणारा माणूस शेवटी ते विकणाराच असतो. पडद्यामागे असा माणूस नाही.

दुकानातलं सगळं चांगलंच असतं असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तंगूस उन्हात टांगून ठेवलेला असतो आणि नायलॉन उन्हाने कुजतं, ते वरून कळत नाही. म्हणून बाजारातून तंगूस घेताना रिळाच्या वरचा हात-दोन हात भाग सोडून खालचा ओढून पाहावा, गाठ थुंकीने ओली करून बांधावी आणि झटका द्यावा. कोरडी गाठ ओढली की दोरा घर्षणाने तापून अशक्त होतो. हेही नानांनीच दाखवलं, काउंटरवर, एका शिळ्या तंगुसाची गाठ तोडून. मग त्यांनीच ते रीळ कचऱ्यात टाकलं, ते मला विकलं नाही. फोनवर तंगुसाची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत लिहिलेली असते आणि माणसाला वाटतं की एवढं बारीक लिहिलंय म्हणजे खरंच असणार. दोन्हीकडे विश्वास ठेवण्याआधी गाठ बांधून पाहणं, याला पर्याय नाही.

तेव्हा मुलांनो, माझं म्हणणं असं. फ्लायची काठी, तिच्या नंबरची दोरी आणि रीळ बाहेरूनच मागवा, घाई न करता, नंबर वाचून. एकदाच घ्यायची वस्तू आहे, वीस वर्षं टिकते. पण गळ, तंगूस, शिसं, बुचं आणि जाळं बाजारातूनच घ्या. माशीची पिसं पाड्यावरून आणा आणि आणणाऱ्याला चार पैसे द्या. फोनवर दोन रुपये स्वस्त पडतं म्हणून त्या ताडपत्रीला वळसा घालून पुढे जाऊ नका. तुमच्या गळाच्या पुडीवर त्याचं पोट चालत नाही, ते जाळ्यांवर चालतं. पण तुम्ही त्याच्यापुढे उकिडवे बसलात, तर या आठवड्यात फुगवट्यात मासा कुठे लागतो, पाणी उतरतंय की चढतंय, कुठल्या नाल्याच्या तोंडाशी गढूळ आलंय, हे सगळं तुम्हाला कळेल, आणि ते कुठल्याही किमतीला दुसरीकडे मिळत नाही. त्याने पाणी कोणतं विचारलं की नदीचं नाव सांगता यायला हवं, म्हणून आधी नदीवर जाऊन या. सातपुड्यातून उतरणाऱ्या ओढ्यांत, जिथे पाणी अजून वाहतं, तिथे धरलेला मोठा मासा पुन्हा पाण्यात सोडा, कारण तिथे आता फार थोडे उरले आहेत.

आणि दुकानदार भावांनो, तुमच्यापैकी कुणी शहाद्याला किंवा नंदुरबारला सात नंबरची दोरी ठेवायला तयार असेल तर कळवा. पहिली दोरी मी घेईन, रोखीने.